मेलबॉक्समधला कचरा कमी करायचाय? मग आधी तो वेगळा करा

शनिवारी संध्याकाळी तुम्ही बर्डीवर जाता. शर्ट आवडतो, बिल करायला काउंटरवर येता. तिथला पोरगा विचारतो, "भाऊ, मोबाईल नंबर आणि मेल आयडी सांगा ना, पॉईंट्स जमा होतात." मागे रांग असते. आपण पटकन सांगून मोकळे होतो.

त्या पॉईंट्सचं पुढं काय होतं ते कधीच कळत नाही. मेल मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. "फक्त तुमच्यासाठी", "शेवटचे 3 तास", "तुम्ही आम्हाला विसरलात का?"

दुकान एक झालं. मग क्लासच्या डेमो लेक्चरची नोंदणी, मॉलमधलं फुकट वायफाय, सिनेमाचं तिकीट, पोरांच्या चित्रकला स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म. दोन-तीन वर्षांत आपला मेल आयडी किती जणांकडे गेला याचा हिशेब आपल्यालाही लागत नाही.

पण यात एवढं नुकसान काय?

बरेच जण म्हणतात, "डिलीट करायचं, विषय संपला." पण विषय तिथं संपत नाही.

पहिलं म्हणजे कामाचा मेल बुजतो. इंटरव्ह्यूचं बोलावणं, प्रवेशफेरीची सूचना, विमा संपत आल्याची आठवण हे सगळं आजही मेलवरच येतं. रोज चाळीस जाहिराती येत असतील तर त्यातला एक कामाचा मेल नजरेतून सुटायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी तो सापडतो तेव्हा तारीख निघून गेलेली असते.

दुसरं नुकसान जागेचं. जीमेलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवे मेल येणं बंद होतं. पाठवणाऱ्याकडे मेल परत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फोटो आणि व्हिडिओ जास्त जागा खातात हे खरं, पण वर्षानुवर्षं साचलेल्या हजारो जाहिरातीही त्यात भर घालतात.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात फसवणुकीचा मेल सहज लपतो. "तुमचा इन्कम टॅक्स रिफंड मंजूर झाला" असा मेल ऑफर्सच्या गर्दीत दिसला की घाईत बोट पडतं.

हा प्रकार सुरू कधी झाला?

3 मे 1978 ला. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत आर्पानेट नावाचं नेटवर्क होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत मार्केटिंग करणाऱ्या गॅरी थर्क यांनी त्यावरच्या सुमारे 400 जणांना नव्या कॉम्प्युटरच्या जाहिरातीचा मेल एकदम पाठवला. लोक भडकले, तक्रारी झाल्या. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. चारशे पत्रांना चारशे तिकिटं लागतात, मेलला काहीच लागत नाही.

स्पॅमचं सगळं गणित आजही यावरच चालतं. लाखभर मेल पाठवायला जवळपास काही खर्च नाही, त्यामुळे दहा गिऱ्हाईकं मिळाली तरी धंदा फायद्यात.

मी तर डीएनडी केलंय, मग?

1909 वर केलेलं डीएनडी फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे. ट्रायच्या त्या नियमांत ई-मेल येत नाही.

मग कायदा नाही का? एक कलम होतं, आणि ते कसं गेलं याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातून जाते.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या 66अ या कलमाच्या शेवटच्या भागात, त्रास देण्यासाठी किंवा मेल कुठून आला याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेले ई-मेल हा गुन्हा ठरवला होता. पण या कलमाचा वापर वेगळ्याच गोष्टींसाठी गाजला. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीनं फेसबुक पोस्ट लिहिली, दुसरीनं ती लाइक केली आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. देशभर गदारोळ झाला. श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला कोर्टानं 66अ हे अख्खं कलम रद्द केलं.

अभिव्यक्तीच्या दृष्टीनं हा मोठाच निकाल होता. पण त्याच्यासोबत नकोशा मेलबद्दल बोलणारा तो तुकडाही गेला.

आता आशा आहे ती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडून. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. त्यात एक उदाहरणही आहे. औषधाच्या दुकानात तुम्ही पावती मोबाईलवर मागितली आणि त्यासाठी आपली माहिती दिली, तर दुकानदार ती पावती पाठवण्यासाठी वापरू शकतो. पावतीसाठी दिलेली माहिती म्हणजे रोजच्या जाहिरातींचा परवाना नाही. बर्डीवरच्या त्या काउंटरचं चित्र आठवा, मुद्दा लगेच कळेल.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे 2027. तोवर थांबायचं का? अजिबात नाही.

आधी कचरा वेगळा करा

घरी आपण काय करतो? ओला वेगळा, सुका वेगळा आणि फुटलेले बल्ब, जुन्या सुया असला घातक कचरा वेगळा. सगळं एका डब्यात टाकलं की घोळ होतो. मेलचंही तसंच आहे. तीन प्रकार आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा आहे.

प्रकार पहिला : तुम्हीच बोलावलेले

ओळखीच्या दुकानाचे, ॲपचे, क्लासचे मेल. हे त्रासदायक असतात, पण पाठवणारा खरा असतो. इथं 'अनसबस्क्राइब' करायचं.

जीमेलमध्ये मेल उघडला की वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ अनसबस्क्राइबचं बटण बऱ्याचदा दिसतं. तेच वापरा. जीमेलच्या मेन्यूत आता 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' नावाचं पानही आहे. कोण किती मेल पाठवतंय याची यादी तिथं मिळते आणि एकेकाला तिथूनच निरोप देता येतो. ते दिसत नसेल तर सर्चमध्ये अनसबस्क्राइब हा शब्द इंग्रजीत टाका, सगळे जाहिरातवाले एका रांगेत उभे राहतात.

याचा उपयोग होतो का? होतो. दिवसाला 5000 हून जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांसाठी गुगलनं फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. त्यांच्या प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय हवी आणि मागणी दोन दिवसांत मान्य व्हायला हवी.

प्रकार दुसरा : न बोलावता आलेले

ज्यांचं नावही ऐकलं नाही असे लोनवाले, प्लॉटवाले, "10 हजार ग्राहकांची यादी घ्या" म्हणणारे. कुणीतरी तुमचा पत्ता विकलाय, कुठल्या तरी वेबसाइटचा डेटा फुटलाय, किंवा एखाद्या प्रोग्रामनं नाव-आडनाव जुळवून तुमचा पत्ता अंदाजानं काढलाय.

इथं अनसबस्क्राइबच्या भानगडीत पडू नका. 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. नुसतं डिलीट केलं तर जीमेलला काहीच कळत नाही. स्पॅम म्हटलं की असे मेल ओळखायला ते शिकतं आणि पाठवणाऱ्याच्या खात्यावर तक्रार जमा होते. मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत असा गुगलचा नियम आहे. म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी स्पॅम म्हटलं तरी त्या सीमेला हात लागतो आणि पुढचे मेल अडायला लागतात. तुमचं एक बोट वाटतं तितकं दुबळं नाही.

तोच पत्ता पुन्हा पुन्हा छळत असेल तर 'ब्लॉक' करा. त्याचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जातील आणि 30 दिवसांनी आपोआप पुसले जातील.

एक सावधगिरी घ्या. रागाच्या भरात आपल्याच बँकेचा किंवा कॉलेजचा मेल स्पॅम करू नका, नाहीतर त्यांचा पुढचा कामाचा मेलही तिकडं जाईल.

प्रकार तिसरा : घातक

रिफंड मंजूर, केवायसी संपलं, पार्सल अडकलं, खातं आज रात्री बंद होणार. या मेलमध्ये घाई आणि भीती दोन्ही असतात.

यातल्या कशावरही क्लिक करायचं नाही, खालच्या अनसबस्क्राइबवरही नाही. त्या बटणामागे खोटं पान असू शकतं. ते नसलं तरी "या पत्त्यावर खरा माणूस बसलाय" एवढं त्यांना कळतं आणि मेल वाढतात.

ओळखायचं कसं? नावाकडे बघू नका, नाव कुणीही काहीही लावू शकतो. पत्त्यात ॲटच्या चिन्हानंतर काय लिहिलंय ते बघा. इन्कम टॅक्स विभागाचा पत्ता जीओव्ही डॉट इन वर संपतो, एखाद्या फुकट मेलसेवेवर नाही. बँकांच्या वेबसाइटही रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आता डॉट बँक डॉट इन वर गेल्या आहेत. तरीही शंका असेल तर मेलमधली लिंक सोडा आणि वेबसाइट स्वतः टाईप करून उघडा.

असा मेल 'रिपोर्ट फिशिंग' करा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण पैसा पुढं सरकायच्या आत थांबवता येतो.

नवा कचरा येऊच नये म्हणून

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसरा मेल आयडी. बँक, आधार, नोकरी आणि कॉलेज एका आयडीवर, दुकानं, ॲप, वायफाय आणि लकी ड्रॉ दुसऱ्यावर. दुसरा आयडी कितीही भरू द्या, कामाचं काही बुडणार नाही.

एक युक्ती जीमेलवाल्यांसाठी. तुमच्या आयडीत ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह टाकून पुढं इंग्रजीत एखादा शब्द जोडला, समजा बर्डी, तरी मेल तुमच्याकडेच येतो. उद्या त्या पत्त्यावर भलत्याच कंपनीचा मेल आला, तर आयडी कुठून फुटला हे लगेच कळतं. काही वेबसाइट अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथं दुसरा आयडी आहेच.

जीमेलच्या सेटिंगमध्ये मेलमधले फोटो विचारल्याशिवाय दाखवू नका असा पर्याय आहे, तो निवडा. बऱ्याच जाहिरातींत डोळ्याला न दिसणारं टिंबाएवढं चित्र असतं. ते लोड झालं की मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं.

आणि सगळ्यात जुना उपाय, नाही म्हणणं. मेल आयडी न देताही दुकानात बिल होतं. "भाऊ, मेल नाही, कागदाची पावती द्या" एवढं म्हटलं की झालं.

या रविवारी 20 मिनिटं काढा

पहिली दहा मिनिटं जाहिरातवाल्यांची यादी काढून जे वर्षभर उघडले नाहीत ते अनसबस्क्राइब करा. पुढची पाच मिनिटं त्यांचे जुने मेल शोधून एकगठ्ठा डिलीट करा, आणि बिनही रिकामा करा, कारण बिनमधले मेलही जागा अडवतात. उरलेल्या पाच मिनिटांत स्पॅम फोल्डर वरवर चाळा. कामाचा एखादा मेल चुकून तिथं पडला असेल तर 'नॉट स्पॅम' म्हणून परत आणा.

आठवडाभरात फरक दिसेल. पुढच्या वेळी कुणी इंटरव्ह्यूचं बोलावणं मेलवर पाठवलं, तर ते सेलच्या ढिगाऱ्याखाली शोधावं लागणार नाही. घरात कुणी दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशाच्या धावपळीत असेल, तर त्यांच्या फोनवरही हे काम आजच करून द्या. सध्या त्यांचा एकही मेल चुकून चालणार नाही.