पुस्तक मिटल्यावर
अभ्यासाच्या वाटेवर : लेखांक ६

वाचताना लक्ष कुठे निसटतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्या पुढची तक्रार : ‘धडा चार वेळा वाचला, तरी पेपरात काही आठवेना!’ असं म्हणणारी मुलं आळशी नसतात. उलट त्यांच्या पुस्तकाची निम्मी पानं मार्करने पिवळी झालेली असतात.

आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचलेल्या कुणालाही विचारा. फुरसुंगीचा बन्या, त्याची सायकल, त्याचं ते ‘ट्टॉक’ सगळं धडाधड सांगेल. तिथे मार्कर लागला नाही की घोकंपट्टी. गोष्ट रंगतदार असते हे खरंच. पण आणखीही काही घडलेलं असतं. मधल्या सुट्टीत आपण ती मित्राला सांगतो, रात्री धाकट्या बहिणीला सांगतो. तेव्हा पुस्तक हातात नसतं. मध्येच अडलं की ‘थांब हं, त्याआधी काय झालं...’ म्हणत डोकं खाजवतो. अभ्यासाचं मर्म या डोकं खाजवण्यात आहे.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांनी हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्याने तो साधारण साडेतीन वेळाच वाचला आणि उरलेल्या वेळात, उतारा समोर नसताना, आठवेल ते तीनदा कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा वाचणारा गट पुढे होता : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं. नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

असं का होतं? पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येतंय की मला’ असा भास होतो. गल्लीत रोज दिसणारा माणूस ओळखीचा असतो. पण त्याचं नाव विचारलं की आपली तत-पप होते. पेपरात तोंडओळख उपयोगी पडत नाही, नावच सांगावं लागतं.

म्हणूनच धड्याच्या शेवटी स्वाध्याय असतो. तो पुस्तक मिटून सोडवायचा. आपण मात्र गाईड उघडतो आणि तयार उत्तर वहीत उतरवतो. वही पूर्ण होते, डोक्याला काही कष्ट पडत नाहीत. व्यायामशाळेत जाऊन दुसऱ्याला जोर काढायला लावावेत, तसं हे.

मग करायचं काय? दोन-तीन पानं समजून वाचा. पुस्तक मिटा. कच्च्या वहीत आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या पानावर, मग आठवड्याने एकदा. वहीतला लाल रंग म्हणजे चूक नव्हे. पुढच्या वेळी नेमकं काय वाचायचं, त्याची ती यादी आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. धडा समजलाच नसेल तर पुस्तक मिटून उपयोग नाही; आधी शिक्षकांना विचारा. आणि पाठांतराला नावं ठेवू नका. पाढे, कविता पाठ हव्यातच. पण पाढे आपल्याला का येतात, आठवा. आई पोळ्या लाटता लाटता ‘सात नव्वे?’ विचारायची आणि पुस्तक दुसऱ्या खोलीत असायचं.

या आठवड्याचा गृहपाठ : शाळेबाहेरचं एखादं पुस्तक वाचा आणि घरातल्या कुणाला तरी पाचच मिनिटांत सांगा. जिथे अडाल, तिथे पानाचा कोपरा दुमडू नका. कागदाची चिठ्ठी घाला.

(पुढील आठवड्यात : गणिताचं पुस्तक ‘वाचायचं’ कसं?)