गॅस्ट्रोची साथ आणि प्रयोगशाळा

पावसाळ्यात गावात अतिसाराचे रुग्ण वाढले की गॅस्ट्रोची साथ आली, असे म्हटले जाते. परंतु गॅस्ट्रो हे लक्षणांचे नाव आहे, जंतूचे नव्हे. पटकी, शिगेला की रोटाव्हायरस, हे प्रयोगशाळाच ठरविते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वीच घ्यावा. अन्यथा जंतू हाती लागत नाही. कॅरी-ब्लेअर माध्यमात पटकीचा जंतू प्रवासात तग धरतो. पुढे टीसीबीएस माध्यमावर सुमारे २४ तासांत त्याच्या पिवळ्या वसाहती दिसतात. अहवाल येईपर्यंत जलसंजीवनी व विहिरीत टीसीएल पावडर टाकणे मात्र थांबवू नये. उपचार रुग्णास वाचवितो. निदान गावास सावध करते.