घाणा थांबायचा तो दिवस

आमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा अलिबागजवळच्या एका खेड्यात होता. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचा आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्याशिवाय तो पुन्हा जुंपायचा नाही, हा घरचा नेम. गिऱ्हाईक दारात उभे राहिले तरी त्या दिवशी तेल मिळत नसे. अशा नेमावरूनच कोकणातल्या लोकांनी आम्हा बेने इस्राएलांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू भाषा आमचे पूर्वज विसरले होते, धर्मग्रंथ त्यांच्या हाताशी नव्हते. पण शनिवार तेवढा पक्का होता.

त्याच घरात जन्मलेल्या मी बत्तीस वर्षे नोकरी केली, ती शनिवारी हजेरी लावून. साहेबांनी नाही म्हटले असते असेही नाही. मी कधी विचारलेच नाही. सणांच्या रजा मागितल्या, शनिवार मागायचा धीर झाला नाही. पणजोबांना दिवसाची कमाई सोडावी लागे. मला फार तर एक अर्ज लिहावा लागला असता.

ही खंत निवृत्तीनंतरही आत कुठेतरी पडून होती. ती वर काढली नातवाने. एका शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून झाला, काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन मी किद्दूश म्हटला. पोर म्हणाले, “आजोबा, तुम्ही आत्ता काय म्हणालात?”

“देवाचं नाव घेतलं.”

“ते कळलं हो. पण म्हणालात काय?”

मला हिब्रू अक्षरे वाचता येतात. चाल वडिलांकडून आलेली. पण अर्थ? चार-दोन शब्दांपलीकडे मी गप्प. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मराठी पवित्र शास्त्र काढले आणि ठरवले, दर शनिवारी जेवणानंतर अर्धा तास आजोबा-नातवाने तोराह वाचायची.

शेजारच्या काकांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “तोरा वाचता? आम्ही तर मिरवतो!” थट्टा सोडून सांगायचे तर तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तके. त्यांचे 54 भाग पाडले आहेत आणि ज्या आठवड्याचा भाग त्या आठवड्यात वाचायचा. सिम्हाथ तोराहच्या सणाला शेवटचे पान संपते आणि त्याच दिवशी पहिले पुन्हा उघडते. पारायण संपले म्हणून पोथी गुंडाळून ठेवण्याची सोयच नाही.

हे शिकणे मराठीतून करायचे, यात कमीपणा काहीच नाही. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत आमचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढच्या शतकात आमच्या माणसांनी धर्म मायबोलीत आणण्याचा ध्यासच घेतला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी अर्थासह मुंबईत 1846 साली आणि पुण्यात 1874 साली छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांचे मराठी भाषांतर केले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली मुंबईत शाळा काढली. इतकेच काय, पवित्र शास्त्रातल्या कथांवर आमच्यात मराठी कीर्तनेही झाली. तेव्हा ‘हिब्रू येत नाही’ ही सबब आमच्या पूर्वजांनीच काढून घेतली आहे.

पण पुस्तकांच्याही आधी हा धर्म राखला तो बायकांनी. परंपरा सांगते, की दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला आणि या लोकांची पारख करायला त्याने निरनिराळे मासे आणून दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले. बाकीचे बाजूला केले. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या कधी आल्या नाहीत. मटणाच्या जेवणानंतर गोड हवे तर नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. मांसाबरोबर दूध का नाही, हे तिला सांगता आले नसते. पण तिचा हात कधी चुकला नाही. तिच्याकडे आचार होता, अर्थ नव्हता. माझ्याकडे आचारही सैल झाला. नातवाला दोन्ही मिळावेत, एवढीच धडपड.

परवा बिरड्याचा सण झाला. हा आमचा यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा दुखवटा. उपास सुटतो तो वालाच्या बिरड्यावर. त्यानंतरच्या शनिवारी जो भाग येतो, त्यात दहा आज्ञा आहेत आणि ‘शमा’ही आहे. घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांना हे शिकवा, असे तिथे सांगितले आहे. शिकवणे गुरुजींवर सोडलेले नाही. ते बापावर, आजोबावर आहे. नातू वाचत होता. शब्बाथच्या आज्ञेशी तो थांबला. चाकराला विसावा, परक्याला विसावा, आणि बैलालाही.

“आजोबा, म्हणजे पणजोबांच्या बैलाला सुट्टी इथूनच मिळाली?”

त्याच्या पणजोबांचे नव्हे, माझ्या पणजोबांचे. पण ते दुरुस्त करायला माझा आवाज फुटेना. ज्यांनी हे पान कदाचित पाहिलेही नसेल, त्यांनी ते बैलाच्या मानेवरचे जू उतरवून पाळले होते. आणि ते माझ्यासमोर साठ वर्षे होते.

1948 नंतर आमची बहुतेक घरे इस्राएलला गेली. मागे उरलो आम्ही काही हजार. सार्वजनिक प्रार्थनेला रीतीप्रमाणे दहा पुरुष लागतात आणि गावोगावच्या सिनेगॉगांत ते जमवताना दमछाक होते. दहावा माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण घरात वाचायला दोघे पुरतात. आपल्या माणसांना माझे एवढेच सांगणे आहे. सगळे एकदम पाळता येणार नाही म्हणून काहीच करायचे नाही, असे करू नका. शुक्रवारचा एक दिवा, शनिवारचा अर्धा तास आणि मुलाने विचारलेल्या एका प्रश्नाचे खरे उत्तर, इथून सुरुवात होते.

नातवाची शाळा कधीकधी शनिवारी असते. गेल्या महिन्यात मी अर्ज लिहिला. बत्तीस वर्षे उशिरा लिहिलेला अर्ज होता तो. खाली सही करताना हात जरा थरथरला, इतकेच.