रोजा, फुटबॉल आणि पाण्याची बाटली

कोल्हापूरकरांना फुटबॉल समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही मुळात तालमींची नावं. पण शाहू स्टेडियमवर सामना असला की याच नावांसाठी पेठाच्या पेठा घसा कोरडा करतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून अनेक आई-वडिलांना आपल्या घरातही एक अनिकेत दिसू लागला. त्यात वावगं काही नाही. पण रोज संध्याकाळी मोकळ्या जागेत दोन विटांचा गोल मांडून खेळणारी जी पोरं आहेत, त्यातली बहुतेक मोठ्या संघात कधीच जाणार नाहीत. ती खेळतात, कारण खेळायला मजा येते. अशाच दहा ते तेरा वयाच्या पोरांचा एक संघ मी काही वर्षं सांभाळतो आहे. निम्मी पोरं मुसलमानांची, निम्मी हिंदूंची. मुद्दाम तसं केलेलं नाही, आमची गल्लीच तशी आहे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षा आणि फुटबॉलचा हंगाम यांच्या ऐन मध्यावर येतो आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास सहेरी संपते आणि पावणेसातच्या आसपास मगरीबची अजान होते. मधले तेरा तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. या महिन्यात मुलांना फुटबॉल शिकवायचा कसा, हा प्रश्न दरवर्षी समोर येतो.

पहिला प्रश्न असतो, मुलांनी रोजा ठेवावा का? वयात न आलेल्या मुलांवर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक नाही. तरीही मुलांना हौस असते. पहिला रोजा ठेवलेल्या चिमुकल्यांचे हार घातलेले फोटो आपल्याच वृत्तपत्रांत येतात. मोठी भावंडं सहेरीला उठतात, मग धाकट्याला झोप कशी लागेल? हा निर्णय घराचा आहे, प्रशिक्षकाचा नाही. मी कुणाला रोजा ठेव म्हणत नाही, सोड म्हणत नाही. फक्त मैदानात येताना एवढंच विचारतो, ‘आज रोजा आहे का?’ तेही बाजूला घेऊन. ज्याचा आहे त्याचं कौतुक सगळ्यांसमोर केलं, की ज्याचा नाही तो खोटं बोलायला शिकतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. सहेरीनंतर सकाळी सराव घेतला तर अंगात पाणी असतं, पण नंतरचा अख्खा दिवस तहानेत काढावा लागतो. दुपारचं तर नावच नको. तरावीहच्या नमाजनंतर पोरांना झोप हवी, सकाळी शाळा असते. म्हणून आम्ही सव्वापाच ते सहा ही वेळ धरतो. शिट्टी वाजली की पाऊण तासात अजान होते, पाणी जवळ असतं. या दिवसांत पळापळ कमी करायची आणि चेंडूशी मैत्री वाढवायची. जोडीजोडीनं पास, उभ्या उभ्या चेंडू थांबवणं, गोलवर नेमका फटका, कुणी कुठं उभं राहायचं. ज्या गोष्टी एरवी पोरं कंटाळा करून टाळतात, त्या नेमक्या याच महिन्यात शिकवता येतात.

आणि एक गोष्ट पक्की. डोकं दुखतंय, गरगरतंय, उलटीसारखं होतंय, बोलताना अडखळतोय, यातलं काहीही दिसलं की खेळ थांबवून मुलाला सावलीत घ्यायचं आणि पाणी द्यायचं. जिवावर बेतणार असेल तर रोजा सोडण्याची परवानगी धर्मानंच दिलेली आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशालाही सवलत आहे; मोठी माणसं तो रोजा नंतर पूर्ण करतात. हे मी प्रत्येक घरी आधीच सांगून ठेवतो. आजवर एकाही आईनं याला नाही म्हटलेलं नाही.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. रोजा नसलेली पोरं पाणी प्यायची बंद झाली. मित्र उपाशी-तहानेला असताना आपण कसं प्यायचं, म्हणून बाटल्या दप्तरात लपवू लागली. भावना चांगली, पण मार्चचं ऊन भावना बघत नाही. मी सांगून पाहिलं, ऐकेनात. शेवटी एका रोजेदार पोरानंच बाटली काढून मित्राच्या हातात दिली. म्हणाला, ‘पी की रं! तुझ्या पाण्यानं माझा रोजा मोडतोय व्हय?’ त्या दिवसापासून बाटल्या पुन्हा गोलामागच्या कट्ट्यावर रांगेत उभ्या राहिल्या. सब्र, म्हणजे संयम, हा ज्याचा त्यानं पाळायचा असतो. शेजाऱ्यानं तहानेलं राहावं अशी त्याची अट नसते.

खरी परीक्षा सामन्याची. गेल्या हंगामात शेजारच्या पेठेतल्या पोरांशी सामना ठरला, नेमका रमजानात. आमचे पाच जण रोजेदार. आमचा एक नियम आहे, प्रत्येक मुलानं किमान अर्धा सामना खेळायचाच. मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत आणण्याची मुभा ठेवता येते, तशी नियमांतच सोय आहे. पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं खेळ थांबवण्याचीही तरतूद आहे. दोन्ही संघांनी हे मान्य केलं. रोजेदारांना आम्ही सात-आठ मिनिटांच्या पाळ्यांनी आत-बाहेर केलं.

एका वडिलांना हे पटलं नाही. त्यांचा मुलगा आमचा सर्वांत वेगवान आघाडीवीर, आणि त्याचा रोजा नव्हता. ‘रोजेवाल्यांना बसवा आणि माझ्या पोराला पूर्ण वेळ खेळवा, सामना जिंकायचा आहे ना?’ असं ते म्हणाले. दुसऱ्या बाजूला एका रोजेदार मुलाचे वडील आपल्या मुलाला सांगत होते, ‘आज सोड रोजा, सामना महत्त्वाचा.’ दोघांचा धर्म वेगळा, पण दोघांना हवं होतं एकच. नियम मी बदलला नाही. आम्ही दोन विरुद्ध एक असे हरलो. वेगवान मुलाला त्याच्या वडिलांनी दुसऱ्या संघात घातलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिंकण्यासाठी खेळणारे संघही गावाला हवेत. पण आमचा संघ त्यासाठी नाही. जो हळू पळतो, जो जाड आहे, जो उपाशी आहे, त्यालाही चेंडूला पाय लावायला मिळावा, यासाठी तो आहे. अकराव्या वर्षी कट्ट्यावर बसवलेलं पोर बाराव्या वर्षी मैदानात येतच नाही.

आणि जिथं कोट्यवधींचा व्यवहार चालतो, तिथंही हे जमतं. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लीस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू असताना सूर्य मावळला. चेंडू बाहेर गेल्यावर पॅलेसचा गोलरक्षक ग्वाइटा गोलकिक घ्यायला थोडा थांबला. तेवढ्या वेळात लीस्टरच्या वेस्ली फोफाना आणि पॅलेसच्या शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. तशी समजूत दोन्ही संघांच्या कप्तानांनी आणि पंचांनी सामन्याआधीच करून घेतली होती.

आपल्याकडच्या मोकळ्या जागांवर पंच नसतो, कप्तानही बारा वर्षांचा असतो. तिथं ही समजूत मोठ्यांनीच करून द्यावी लागते. मैदानाच्या कडेला उभ्या असणाऱ्या आई-वडिलांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, माझी एकच विनंती आहे. पोर घरी आलं की ‘किती गोल केलेस?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न असू द्या, ‘आज सगळे खेळले का?’