वाकोदच्या घराण्याची शिल्लक

खानदेशात बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांची आवक इंग्रजी अमलाच्या पहिल्या वर्षांतच वाढली. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा वस्ती करणाऱ्यांना घरासाठी करमुक्त जागा आणि बांधकामासाठी उचल देऊ केली. पुढे रेल्वे आली आणि अमेरिकेतल्या यादवीने (1861-65) इथल्या कापसाला सोन्याचे मोल आणले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि जळगावची भरभराटलेली पेठ हबकली. तेजीत आलेले काही मंदीत परतले, काही इथेच रुजले.

वाकोदचे जैन कुटुंब आले ते या तेजीनंतर बऱ्याच वर्षांनी. 1887 मध्ये मारवाडातल्या अगोलाई गावाहून, अन्नपाण्याच्या शोधात. थांबले ते अजिंठ्याच्या पायथ्याशी, जामनेर तालुक्यात. अशा खेड्यात मारवाड्याचे दुकान म्हणजे गूळ, तेल, मीठ आणि उधारी. उधारीची फेड कापूस विकल्यावर, आणि कापसाचे सगळे पावसावर. पाऊस रुसला की शेतकरी तर बुडायचाच, पण दुकानदाराची वहीही कोरडी पडायची. सावकारीच्या जुलमाच्या कहाण्या खऱ्या आहेत. 1875 मध्ये पुणे-नगरकडे वह्या जाळल्या गेल्या त्या उगाच नव्हे. पण छोट्या दुकानदाराचे दैव कुणब्याच्या दैवाला बांधलेले होते, हेही तितकेच खरे.

याचा पुरावा या घराण्याच्याच हिशेबात सापडतो. 12 डिसेंबर 1937 ला वाकोदला जन्मलेल्या भवरलाल जैनांनी 1963 मध्ये धंदा सुरू केला, तेव्हा हाताशी होते सात हजार रुपये. ही तीन पिढ्यांची शिल्लक. शहात्तर वर्षांत सात हजार! वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झालेले, सरकारी नोकरी चालून आलेली, पण आई गौराबाईंचा कल धंद्याकडे होता. पोराने ऐकले आणि रॉकेल विकायला घेतले.

ही गोष्ट जळगावात कुणीही सांगेल. ती ‘रॉकेलवाला ते उद्योगपती’ अशी सांगायची पद्धत मला मात्र पटत नाही. शिल्लक सात हजारांची असली तरी शेतकऱ्याला कोणत्या महिन्यात काय लागते आणि पैसे कधी सुटतात, हे त्या घरात तीन पिढ्या मुरलेले होते. रॉकेलनंतर खते, बियाणे, इंजिने, ट्रॅक्टर यांच्या एजन्सी आल्या. गिऱ्हाईक तेच राहिले, दुकानातला माल बदलत गेला.

1978 मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा बंद कारखाना तीस लाखांना घेतला आणि भुकटी सोडून पपेन काढायला घेतले. झाडावरच्या कच्च्या पपईला पात्याने उभे चरे पाडायचे, ठिबकणारा पांढरा चीक गोळा करायचा, वाळवायचा. हा चीक बिअर निवळायला आणि मांस मऊ करायला उपयोगी पडतो. अहिंसा मानणाऱ्या जैन घरातून हा माल परदेशी जायचा, हा विरोधाभास मला गमतीचा वाटतो. यात दुकानाची बाजू उलटली, हे महत्त्वाचे: आता व्यापारी शेतकऱ्याकडून विकत घेत होता. 1980 मध्ये पीव्हीसी पाइप, दशकाअखेरीस ठिबक, पुढे ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची रोपे. रावेर-यावलच्या विहिरींचे पाणी खोल जात असताना ठिबकशिवाय केळी टिकली नसती. या पाण्याच्या ध्यासातला त्यांचा सोबती म्हणजे वाकोदपासून जवळच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर. 2008 मध्ये भवरलालजींना पद्मश्री मिळाली. 25 फेब्रुवारी 2016 ला ते गेले.

पण उधारी काही सुटली नाही. ठिबकवर सरकारी अनुदान होते आणि ते सरकारकडून यायला महिनोन्‌महिने लागायचे. भवरलालजींच्या कंपनीचे पैसे तिथे अडकत गेले. पणजोबांचे पैसे कापसात अडकायचे, पणतूचे मंत्रालयातल्या फायलीत. तेव्हा 2012च्या सुमारास उधारीवरची विक्री आवरती घेऊन शेतकऱ्यांना कर्ज देणारी वेगळी वित्तसंस्था काढण्यात आली. खेड्यातला दुकानदार शेवटी पुन्हा कर्ज देण्यापाशी आला, फक्त आता परवाना होता.

आणि कर्ज घेणाराही तोच झाला. 2019 मध्ये कंपनीचे हप्ते थकले. बँकांशी वाटाघाटी होऊन मार्च 2022 मध्ये कर्जाची फेररचना झाली. पाठोपाठ परदेशातला सिंचन व्यवसाय 2023 मध्ये ‘रिव्हुलिस’ कंपनीत विलीन करून तिकडच्या कर्जाचा मोठा भार उतरवण्यात आला. अशोक, अनिल, अजित आणि अतुल हे भवरलालजींचे चौघे मुलगे आज कारभार पाहतात, आणि धंदा अजूनही जळगावातूनच चालतो.