ओसरीवरची लोंबती मांसल झाडे : पाणी कमी, उजेड जास्त



ओसरीला टांगलेल्या डब्यातून खाली लोंबणारा चिनी गुलाब आपण पाहिला असेल. सकाळी नऊ-दहाला फुलतो म्हणून कोणी त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. नर्सरीत 'बरोज टेल' नावाचे दुसरे झाड मिळते. गाढवाच्या शेपटीसारख्या, टपोऱ्या पानांच्या वेण्या खाली लोंबतात. ते मूळचे मेक्सिकोचे. दोन्ही झाडांबद्दल तक्रार एकच येते : "रोज पाणी घालतो, तरी झाड कुजलं." खरे म्हणजे रोज पाणी घातले म्हणूनच ते कुजते.

असे का होते?

या झाडांचा पाण्याचा साठा पानांत व खोडात असतो. आपली बहुतेक पिके दिवसा पानांची रंध्रे उघडतात व त्यातून बाष्प उडून जाते. बरोज टेल किंवा तिच्याच कुळातली पानफुटी पाण्याचा ताण पडला की दिवसा रंध्रे मिटून ठेवते व रात्री उघडते. त्यामुळे पाणी फार थोडे लागते. माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही. पाणी साचलेल्या हळदीत कंदकूज लागते, तसाच प्रकार इथे होतो.

भांडे व माती

तेलाचा डबा, मातीची कुंडी, नारळाची करवंटी, काहीही चालेल. मात्र तळाला भोके हवीतच. नुसती काळी माती भरू नये, ती ओल धरून ठेवते. दोन भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग तांबडी माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे.

लावणी

चिनी गुलाबाचे ३-४ इंचांचे शेंडे खुडून लगेच लावले तरी जगतात. बरोज टेलचा तुकडा मात्र दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच लावावा. तिची पाने धक्का लागताच गळतात. ती फेकू नका. मातीवर नुसती पसरून ठेवा, देठाकडून मुळे फुटतात.

ऊन व पाणी

चिनी गुलाबाला कडक ऊन हवे. सावलीत किंवा ढगाळ दिवशी तो नीट फुलत नाही. बरोज टेलला भरपूर उजेड व सकाळचे कोवळे ऊन द्यावे. दुपारच्या उन्हात पाने करपतात.

पाण्याचा वार ठरवू नका. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहा. कोरडे लागले तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. पान सुरकुतले तर झाड तहानले आहे. पान पिवळे, पाणचट, मऊ झाले तर पाणी जास्त झाले. अशा वेळी निरोगी शेंडे कापून नव्या मातीत लावावेत, जुनी माती टाकून द्यावी.

पावसाळा

जास्त झाडे याच दिवसांत जातात. जूनपासून भांडी पागोळ्यांपासून आत, पण उजेडात टांगावीत. हवा दमट असल्याने पाणी अगदी क्वचित द्यावे.

पिठ्या ढेकूण

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात.

जनावरे व मुले सांभाळा

चिनी गुलाबात ऑक्झॅलेट असते. पानफुटी जास्त खाल्ली तर गुरांना विषबाधा होऊ शकते. गोल मण्यांसारख्या पानांची 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' ही वेलही पोटात गेल्यास अपायकारक आहे. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्यात किंवा वैरणीत टाकू नका. भांडी लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर टांगा.

थोडक्यात : भांड्याला भोक, निचऱ्याची माती, भरपूर उजेड आणि बोट कोरडे लागल्याशिवाय पाणी नाही. एवढे पाळले तर एका झाडाच्या तुकड्यांवर शेजारपाजारच्या चार ओसऱ्या सजतील.