वर्गातील दिनक्रम आणि बालकाचे निर्भयपण

रायपूरमधील समता कॉलोनी ही प्रामुख्याने व्यापारी व नोकरदार कुटुंबांची वसाहत आहे. शेजारी चौबे कॉलोनी, तर थोड्याच अंतरावर रामकुंड आणि आमापारा या जुन्या, दाट वस्त्या आहेत. १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होते. त्यामुळे मराठी कुटुंबेही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अशा परिसरातील पहिलीच्या वर्गात दुकानदाराचा मुलगा आणि त्याच्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी एकाच बाकावर येऊ शकतात. हे कायद्यामुळे शक्य झाले आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्यावयाच्या असतात. शासन त्यांचा खर्च आपल्या प्रति विद्यार्थी खर्चाच्या मर्यादेत शाळेला परत करते. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली; अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा मात्र तिच्यातून वगळल्या.

परीक्षार्थींना हे कलम बहुधा पाठ असते. कलम २९ कडे मात्र फारसे लक्ष जात नाही. अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरविताना बालक भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील, हे पाहण्याचे बंधन त्यात आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. शुल्काची प्रतिपूर्ती कोषागारातून होते. निर्भयतेची तशी सोय नाही. ती वर्गात रोज काय घडते त्यावर अवलंबून असते.

हजेरीचेच उदाहरण घ्या. शिक्षिकेने प्रत्येक मुलाचे नाव, घरी उच्चारतात तसे, त्याच्याकडे पाहून घेतले तर जेमतेम पाच मिनिटे लागतात. ‘आरटीईवाले उभे राहा’ असे म्हटले तर त्याहून कमी वेळ लागतो आणि वर्षभराचे नुकसान होते. नवख्या मुलाला सर्वांत जास्त धास्ती अनिश्चिततेची असते. कोठे बसायचे, पाणी प्यायला कधी जायचे, उत्तर चुकले तर काय होईल, हे रोज ठरल्याप्रमाणे घडू लागले की त्याचे लक्ष भीतीवरून पाटीकडे वळते. घरी छत्तीसगढी किंवा मराठी आणि शाळेत हिंदी वा इंग्रजी, अशा मुलाला तर शब्द कळण्याआधी क्रम कळतो. प्रार्थनेनंतर गोष्ट, गोष्टीनंतर गणित, हा क्रमच त्याची पहिली भाषा ठरतो.

बसण्याच्या जागेचा परिणाम मोजलेलाही आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश देणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्याचा अभ्यास केला व तो २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांनुसार पाडले जात. त्यामुळे कोणाच्या गटात गरीब सहाध्यायी येणार, हे जवळजवळ योगायोगाने ठरे. गरीब सहाध्यायी लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरिबांबाबतचा त्यांचा भेदभाव घटला. परिणामाचा मोठा भाग प्रत्यक्ष सहवासातून आला होता. केवळ शाळा एक असणे पुरेसे नव्हते. श्रीमंत मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित घटले; हिंदी व गणितात फरक आढळला नाही. ही किंमत अवाजवी नाही, असे माझे मत आहे.

गट पाडण्याची ही पद्धत फुकट आहे. अर्थशास्त्रात इतक्या स्वस्त उपायाची उदाहरणे थोडी! केंद्राच्या आदर्श नियमांनुसार या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेस बसविता येत नाही. परंतु एकाच वर्गात त्यांचा शेवटचा बाक ठरून गेला, तर नियम पाळला जातो आणि हेतू हरतो.

मधल्या सुट्टीत हा फरक सर्वाधिक उघड होतो. सरकारी शाळांत नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न मिळू लागले. प्राथमिक स्तरावर त्याचे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे आहे. एका पंगतीत एकच अन्न, हा त्याचा पोषणाइतकाच महत्त्वाचा लाभ. खाजगी शाळेत प्रत्येकाचा डबा निराळा. कोणाच्या डब्यात काय आहे ते सर्वांना दिसते आणि कोणाकडे डबाच नाही तेही. काही शिक्षिका मुलांना गोल बसवून स्वतः त्यांच्यात जेवतात. त्याने डबे सारखे होत नाहीत, पण कोणी एकटे राहत नाही.

या गोष्टी तपासणीत नोंदल्या जात नाहीत. अधिनियमाच्या अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, कुंपणभिंत व ग्रंथालय आहे. कोण कोणाशेजारी बसते याचा रकाना नाही. पालकांचा समावेश असलेली शाळा व्यवस्थापन समितीही विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम २१ नुसार बंधनकारक नाही. त्यामुळे २५ टक्क्यांतील मुलाच्या आईला कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग उरतो. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. पहिलीचे शैक्षणिक वर्ष किमान २०० दिवसांचे असते.